टोआदेरच्या काळजाभोवती

दार ओढून घ्या रे, आणि ती बाटली इकडे सरकवा. ही गोष्ट माझी नाही, स्मारांदा डॉक्टरीणबाईंची. भूल द्यायचं काम त्यांचं, आणि मी त्याच दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचो. बाई उगाच थापा मारणाऱ्यातल्या नव्हत्या.

इग्नातची रात्र होती, वीस डिसेंबर. गावोगाव डुकरं कापायचा दिवस. घरोघर सुरे पाजळलेले, वर प्लमची दारू. दरसाल त्या दिवशी आमच्याकडे कापलेली बोटं यायची. त्या साली मी दोन भाऊ आणले. थोरला टोआदेर, मांडी चिरलेली. धाकटा इलारिये, गळा या कानापासून त्या कानापर्यंत उघडा. तो वाटेतच गेला.

सर्जन वर तयार होता. बाई सोनोग्राफीचं छोटं मशीन ढकलत खाली आल्या, टोआदेरचं पोट रिकामं आहे का, एवढंच बघायला. भरल्या पोटी भूल दिली तर अन्न उलटून छातीत जातं आणि माणूस गुदमरतो.

“काय खाल्लंयस?”

“सकाळपासून पाण्याचा घोट नाही, डॉक्टरीणबाई. आईशप्पथ!”

बाईंनी थंडगार जेली लावून मशीनचा दांडा, तो प्रोब, पोटावर टेकवला. पोट गच्च.

“आईला कशाला मध्ये ओढतोस मेल्या? अर्धं डुक्कर दिसतंय आत!”

नर्स व्हिओरिका फिस्सकन हसली. शेजारच्या ट्रॉलीवरचा इलारियेचा रक्ताळलेला हात तिनं नुकताच स्वच्छ पुसून चादरीखाली सारला होता. बाहेर त्याची बायको ऊर बडवत होती.

“सुरा आधी त्यानंच काढला,” टोआदेर म्हणाला. “मी नुसता हात आडवा धरला.”

तेवढ्यात त्याचं ब्लड प्रेशर घसरलं. बाईंनी जेली ओतून प्रोब छातीवर नेला. पडद्यावर काळजाभोवती काळी कड दिसली. रक्त. छातीवर मात्र साधा ओरखडा नव्हता.

बाईंनी सुई घालून ते रक्त ओढून घेतलं. कड गेली, टोआदेरला धुगधुगी आली. बाईंना हायसं वाटलं.

“पोलिसांना सांगा, त्यानंच आधी...”

कड परत आली. पहिल्यापेक्षा जाड. त्यांनी पुन्हा सुई घातली. या खेपेला थेंबही निघेना.

त्या वाकल्या. “टोआदेर, खरं बोल. तुझ्याच जिवासाठी सांगते. सुरा कोणी काढला?”

तो गप्प झाला. कड थांबली.

“मी...”

कड पातळ झाली.

“बोल रे बाबा, बोल!”

टोआदेरनं चादरीकडे पाहिलं. मग ओठ वाकडे करून हसला. “मेलेला काय साक्षीला येतोय, बाई? त्यानंच काढला.”

चादर हलली नाही. बाईंनी नीट पाहिलं. नाही हलली.

पडद्यावर मात्र... काळ्या रक्तातून काहीतरी आत आलं. लांबट. एक. मग त्याच्या शेजारी दुसरं, तिसरं... पाच.

काळजाभोवती ती पाच मुठीसारखी मिटली.

टोआदेर किंचाळला. सकाळी डुक्कर किंचाळलं असेल तसा. तोंडातून मांस आलं, मग रक्त आलं. दोघींनी दाबून धरला तरी ट्रॉली भिंतीवर आदळत राहिली. बाईंनी छाती दाबली. बरगड्या मोडल्या. तरी दाबत राहिल्या.

“सोड त्याला!” बाई ओरडल्या.

कोणाला, ते व्हिओरिकानं विचारलं नाही.

मग... काहीच नाही. टोआदेर गेला.

पहाटे इलारियेला शवागारात न्यायला व्हिओरिकानं चादर काढली आणि बाईंना हाक मारली. बाई आल्या.

तिनं पुसून ठेवलेला तो हात. त्याच्याजवळ मशीन कोणी नेलं नव्हतं. बोटांपासून मनगटापर्यंत जेली होती. अजून ओली.