खिशातला बल्ब

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्यांच्यावर हा प्रसंग आला ते गोरक्षदाजी माझ्या थोरल्या बहिणीचे, मनकर्णाचे मालक. त्या रात्री ते घरी पोचले तेव्हा मी तिच्या चुलीपाशी भाकरी थापत होते. या गोष्टीतला बल्ब मी स्वतः हातात धरला आहे.

१९७३ साल. जानेवारी संपत आलेला, वार मंगळवार. पौषातली अमावस्या तीन-चार दिवसांवर आलेली.

ते दुष्काळाचे दिवस होते. तिसगावजवळच्या त्यांच्या वस्तीवर विहिरीचा तळ दिसत होता आणि गोठ्यातली जनावरं दावणीची लाकडं चाटत होती. दाजींनी ट्रॅक्टर दोन वर्षांपूर्वी घेतला होता. त्याला जोडायला जुनी ट्रॉली त्यांनी नुकतीच कर्जतकडच्या आप्पासाहेब नावाच्या बागाईतदाराकडून आणली होती. राहुरीकडं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, चाऱ्याला मिळतं असं कळल्यावर ते धाकट्या भावाला, सहादूला घेऊन पहाटेच निघाले.

निघताना मनकर्णाच्या सासूबाईंनी, साळूबाईंनी, दाजींना एकच गोष्ट बजावली. सहादूला अंधारात एकटं सोडू नको.

कारण सहादूला रातांधळेपणा जडला होता. दिवस मावळला की त्याच्या डोळ्यांवर पडदा यायचा. समोरचा दिवा तेवढा कळायचा, पण पायाखालची वाट दिसायची नाही. एकदा अंगणातून गोठ्याकडं जाताना तो विहिरीच्या काठापर्यंत गेला होता.

ट्रॉली देताना आप्पासाहेबांनीही एक अट घातली होती. त्यांचा कोंडीराम नावाचा गडी होता. दिवेलागणीनंतर ट्रॉली रस्त्यावर असली की तो मागून कंदील घेऊन पायी चालायचा. तेव्हा पुष्कळ ठिकाणी अशीच रीत होती. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसावी म्हणून. तो कोंडीराम अशाच एका फेरीत रस्त्यात गेला. कसा गेला ते आप्पासाहेबांनी सांगितलं नाही. त्यानंतर त्यांनी ट्रॉलीच्या मागं लाल काचेचा दिवा बसवून घेतला.

"मागचा दिवा लावल्याबिगर अंधारात वढू नका," ते म्हणाले होते.

"दिवा काय, आरतीबी करू," असं म्हणून दाजी हसले होते.

आप्पासाहेब मात्र हसले नाहीत.

वाढं भरून परतताना वांबोरीचं गाव मागं टाकलं आणि घाटाच्या पायथ्याशी दाजींनी ट्रॅक्टर थांबवला. ऊन डोंगराच्या शेंड्यावर गेलं होतं. घाट लागायच्या आत दिवे बघून घ्यावेत म्हणून त्यांनी ट्रॉलीची वायर ट्रॅक्टरला जोडली आणि बटण दाबलं.

पुढचे दोन्ही दिवे लागले.

मग पिवळे पडले...

आणि विझले.

जळक्या रबराचा वास आला. फ्यूज उडाला होता. दाजींना वाटलं, जुनी वायर आहे, कुठंतरी लोखंडाला टेकली असेल. त्यांनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, तिची घडी करून फ्यूजच्या जागी बसवली. त्या काळी सगळे ड्रायव्हर असंच करायचे. ट्रॉलीची वायर सोडून बटण दाबलं, तर दिवे लख्ख. वायर जोडली, तर गप्प. म्हणजे दोष ट्रॉलीतच.

त्यांनी मागच्या दिव्याची काच उघडून बल्ब काढला. आतली तार शाबूत होती. बल्ब खिशात टाकून पुन्हा जोडून बघितलं. बल्ब नसतानाही चांदी जळाली. मग त्यांनी पुढून मागपर्यंत वायर बोटांनी चाचपली. कुठं सोललेली नाही, कुठं तुटलेली नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडाची खीळ चाकूनं खरवडून चकचकीत केली. तरी तेच.

चांदीचा एकच तुकडा उरला.

मग दाजींनी ट्रॉलीला लटकवलेली सायकल उतरवली आणि सहादूला वांबोरीला फ्यूज आणायला पिटाळलं. गाव कोसभर मागं. दिवस मावळायच्या आत माघारी ये, असं सांगितलं. सहादूनं मान हलवली, पायजम्याचा पाय वर दुमडला आणि निघाला.

दिवस मावळला.

सहादू आला नाही.

दाजी रस्त्याकडं बघत उभे राहिले. घाटावरून एक ट्रक उतरला. त्याच्या ड्रायव्हरनं जाता जाता शिवी हासडली. वळणावर बिनदिव्याची गाडी उभी करून कुणाचा जीव घेतो काय, असं तो ओरडला. ते काही खोटं नव्हतं. दाजींनी विचार केला. वांबोरीत बनुबाई आत्या राहते. अंधार पडला म्हणजे सहादू तिच्याकडंच मुक्काम करील. तो काही लहान नाही. घरी जनावरं दोन दिवस उपाशी आहेत.

असं त्यांनी स्वतःला समजावलं. पुढं आयुष्यभर ते म्हणायचे, "मला ठावं हुतं. तो थांबनार न्हाई, हे मला ठावं हुतं."

त्यांनी चाकूनं ट्रॉलीची वायर तोडली. शेवटची चांदी बसवली. पुढचे दिवे लख्ख लागले.

मागं मात्र काळोख.

ट्रॅक्टर घाटाला लागला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. तेव्हा कठडे नव्हते, चुना लावलेले चार दगड होते. पहिल्या वळणावर दाजींना जाणवलं की गाडी ओढत नाही. ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं चालतोय. ओझं काही फार नव्हतं, पण मागून कुणीतरी ट्रॉलीला हात लावून धरल्यासारखं वाटत होतं.

मग आवाज आला...

खर्र. खर्र. खर्र.

वहाणा घासत चालल्याचा.

इंजिनाच्या धडधडीत पायांचा आवाज ऐकू यायचं कारण नव्हतं. पण तो ऐकू येत होता. ट्रॉलीच्या मागून. एकसारखा.

दाजींनी हाक मारली, "सहादू?"

वहाणा घासतच राहिल्या.

दुसऱ्या वळणावर ट्रॅक्टर वळला आणि मागचा कातळ त्यांच्या नजरेला पडला.

त्या कातळावर...

लाल उजेड पडला होता.

स्थिर नव्हता तो. हातात धरून चालणाऱ्या कंदिलासारखा मागं-पुढं हलत होता. माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर.

दाजींचा हात खिशाकडं गेला. बल्ब खिशातच होता.

थांबायची हिंमत झाली नाही. मागं बघायचीही झाली नाही. तोंडानं देवाचं नाव आणि नजर समोरच्या उजेडावर, असे ते घाट चढत राहिले. प्रत्येक वळणावर डोळ्याच्या कडेला कातळ लाल व्हायचा. आणि प्रत्येक वेळी त्या उजेडापाशी कुणीच नसायचं.

माथ्यावर पोचल्या पोचल्या आवाज बंद झाला.

लाल उजेडही गेला.

दाजींनी ट्रॅक्टर उभा केला, इंजिन चालूच ठेवलं आणि हातबॅटरी घेऊन मागं गेले. तोडलेली वायर लोंबत होती. दिव्याची काच उघडी, आत बल्बची जागा रिकामी.

तेवढ्यात घाटातून किर्र किर्र आवाज आला. सायकलच्या चाकाचा.

अंधारातून सहादू वर आला. सायकल हातानं ढकलत, मान ताठ, डोळे उघडे आणि कुठंच न बघणारे. वांबोरीत दुकान बंद होतं, दुकानदाराला घरून उठवून आणण्यात त्याला उशीर झाला होता. आत्याकडं तो गेलाच नव्हता. दादा वाट बघत असेल म्हणून.

"बरं केलंस दादा, हळू चालवलंस," तो म्हणाला. "पायथ्याला आलो तर तू न्हाई. लई भ्यालो. मंग तुजा लाल दिवा दिसला. त्येच्यावरच चालत आलो."



"आन् मागं कुनाला ठिवलं हुतंस?" सहादूनं विचारलं.

"कुनाला?"

"हँडल धरून चालत हुता की माझ्या संगं. दरीकडं सरकलो की आत वढायचा. म्हातारा वाटला आवाजावरून."

"काय बोलला?"



"इचारलं, अंधारात तुला कोन सोडून गेलं. मी म्हनलो, दादा गेला."

"मंग?"

"मंग म्हनला... मलाबी असंच सोडून गेल्ते."

दाजींनी बॅटरीचा उजेड सायकलवर टाकला. हँडलच्या एका मुठीवर सहादूचा हात होता. दुसऱ्या मुठीवर चार बोटांचे काळे ठसे होते. कंदिलाच्या काजळीसारखे.

आणलेला नवा फ्यूज दाजींनी बसवला. तोडलेली वायर पिळून जोडली. खिशातून बल्ब काढला तर तो इतका तापलेला होता की सदऱ्याच्या टोकात धरावा लागला. तो जागेवर बसवून बटण दाबलं.

पुढचे लागले. मागचाही लागला. एकही तक्रार न करता, पहिल्याच वेळेला.

वस्तीवर येईपर्यंत दाजींनी सहादूला शेजारी मडगार्डवर बसवलं आणि एका हातानं त्याचं मनगट धरून ठेवलं. जनावरांना वाढं टाकलं, पण दाजी जेवले नाहीत. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी पुन्हा जाऊन तो बल्ब काढला आणि आमच्यापुढं ठेवला. साधा बल्ब. काच पांढरी. आतली तार तुटलेली होती. ती कधी तुटली, कुणास ठाऊक. मी हातात घेतला तेव्हाही कोमट होता.

दुसऱ्याच आठवड्यात दाजी कर्जतला गेले. कोंडीराम कसा गेला, एवढंच विचारायला. आप्पासाहेबांनी त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला, दुष्काळाच्या गोष्टी केल्या. कोंडीरामचं नाव निघाल्यावर ते उठून आत गेले. ते परत बाहेर आले नाहीत.

ट्रॉली पुढं विकली नाही. विकायची तरी कुणाला? सहादूची नजर पुढच्या पावसाळ्यानंतर सुधारली. तो आजही आहे, नातवंडांत रमलाय. त्या रात्रीबद्दल विचारलं तर म्हणतो, भला माणूस होता तो.

दाजींना तसं कधी वाटलं नाही.

ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. शेवटच्या वर्षांत दिवेलागण झाली की ते खाटेवर उठून बसायचे आणि मनकर्णाला विचारायचे, सहादू आला का? सहादू शेजारीच बसलेला असायचा. तो त्यांचा हात हातात घ्यायचा.

तरी ते दाराबाहेर बघत राहायचे. खळ्याच्या कडेला, जिथं ती ट्रॉली गंजत पडली होती, तिकडं.

"तो न्हाई," ते म्हणायचे. "मागचा. मागचा आला का?"

ट्रॉली अजून तिथंच आहे. त्या दिव्याची काच केव्हाच फुटली, वायर उंदरांनी खाल्ली. मी बहिणीकडं गेले की दिवस मावळायच्या आत निघते. पण मागच्या दिवाळीत उशीर झाला. खळ्यावरून जाताना मी मान खाली घालून चालले होते...

माझ्या पावलांपुढची माती लालसर दिसत होती.

मी वळून बघितलं नाही.