सातच्या आलेखाला जागा पुरेना

चाकणच्या त्या कारखान्यात प्रत्येक प्रेसशेजारी एक आलेख टांगलेला असे. प्रेस म्हणजे पत्र्यावर दाब देऊन त्याला आकार देणारं मशीन. ठोक्याला किती जोर पडला त्याचा एकेक ठिपका कागदावर उमटलेला असायचा. ठिपके वरच्या आणि खालच्या तांबड्या रेघांच्या आत राहिले की मशीन ठीक आहे, असं समजायचं.

हे आलेख काढायचं काम अर्जुनरावांकडे होतं. ते मूळचे उदगीरकडचे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, मुलाकडे संत तुकाराम नगरात राहायला आले आणि घरी बसवेना म्हणून इथं लागले. आलेख काढायची संगणकाची भाषा ते साठी उलटल्यावर शिकले होते. त्यामुळे पडद्यावर लाल अक्षरं उमटली, की चूक आपलीच, असं ते धरून चालत. बहुतेकदा ते खरंही ठरे. एकदा त्यांनी इंचाच्या जागी पिक्सेल लिहिले आणि नखाएवढा आलेख छापून आला. त्यांची मॅनेजर अपेक्षा, वयाने त्यांच्या मुलीसारखी, तो आलेख पर्समध्ये जपून ठेवायची आणि नवं कुणी रुजू झालं की दाखवायची. अर्जुनरावही हसत. मग दिवसभर तेच त्यांच्या मनात घोळत राही.

सात नंबरची प्रेस तीन आठवडे दुरुस्तीसाठी बंद होती. सोमवारी ग्राहक कंपनीची माणसं येणार, सातचा आलेख पाहणार आणि मग ती सुरू होणार, असं ठरलं होतं. बाकीच्या मशीनचे आलेख शुक्रवारी सकाळीच निघाले. सातचा निघेना. त्याच आज्ञा, तशीच फाइल, पण संगणक सांगत होता, समास फार मोठे आहेत, चित्राला जागा पुरत नाही.

ही चूक अर्जुनरावांच्या ओळखीची होती. त्यांनी पडद्यावरची आलेखाची खिडकी ताणून मोठी केली. समास कमी केले, मग पार शून्यावर आणले. आधीचं अर्धवट राहिलेलं चित्र बंद करून नव्याने सुरुवात केली. अक्षरं बारीक केली. इंच आणि पिक्सेल तर दोनदा तपासले. उत्तर तेच. समास शून्य असतानाही समास फार मोठे आहेत.

"साहेब, झालं का आमच्या सातचं?" दारातून कुलदीपने डोकं आत घातलं. सात तोच चालवायचा. मशीन बंद असल्यामुळे त्याला पॅकिंगला बसवलं होतं. "टेप लावून लावून बोटं वाळली राव."

"जागा पुरत नाही म्हणतोय."

"आसं कसं? आमच्या आंबेठाणचा फ्लेक्स बघा. पन्नास डोकी बसवत्यात, बोटभर जागा सोडत न्हाईत. माझा बघितला का चौकातला? अजून काढला न्हाई पोरांनी."

"कशाचा?"

"वाढदिवसाचा. चौदा नोव्हेंबर. बालदिनाचा जन्म हाय माझा. आई म्हणती, म्हणूनच तुझी अक्कल तितंच ऱ्हायली."

तो गेल्यावर अर्जुनरावांनी कागद वाढवून पाहिला. नेहमीच्या दुप्पट, चौपट. चूक तीच. अपेक्षा मागून येऊन बघत उभी राहिली.

"काका, एवढाच हट्ट असेल त्याचा तर फ्लेक्सवर छापा. पाहुण्यांना लांबून दिसेल. नखाएवढ्यापेक्षा बरं."

तीन फूट बाय दोन फूट घेतला, नाही. चौरस घेतला, नाही. सहा फूट आडवा घेतला, नाही. मग सहा बाय चार उभा केला आणि लाल अक्षरं गेली. आलेख निघाला.

पडद्यावर तो लहान करूनच पाहावा लागत होता. ठिपके रेघांच्या आत होते. मात्र वरच्या अर्ध्या भागात मधोमध एक उभट चौकोन कोरा होता. ठिपके त्याच्या कडेपर्यंत येत आणि वळसा घालून पुढे जात. रस्त्यात काही पडलेलं असलं की माणसं बाजूने जातात, तसे. अर्जुनरावांनी आकडे तपासले. एकही गळलेला नव्हता. खाली महिन्यांची नावं यायला हवी होती, त्याऐवजी दोनच तारखा होत्या, एक डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या. अक्षरं मुंगीएवढी दिसत होती. तारखांच्या मांडणीत आपलंच काही चुकलं असणार, असं म्हणून त्यांनी फाइल पेनड्राइव्हवर घेतली.

शनिवारी दुपारी ते चौकाजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकान शालनबाईंचं. आत ओल्या शाईचा उग्र वास भरलेला होता. भिंतीला नव्या कोऱ्या लाकडी चौकटी टेकून ठेवल्या होत्या.

"सहा बाय चार, उभा," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "फोटोची जागा सोडलीत ते बरं केलं. लोक इसरत्यात, मग आमी फोटो चिकटवायचा कुटं? फ्रेम तयार हाय. कोण गेलं?"

"कुणी नाही. मशीनचा आलेख आहे हा."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे.

"श्रद्धांजलीचाच साइज हाय पर. आन् मशीनला जन्मतारीख असती व्हय?"

त्यांनी खालचा भाग मोठा केला. डाव्या कोपऱ्यात होतं, १४ नोव्हेंबर १९९६. उजव्या कोपऱ्यात परवाच्या सोमवारची तारीख होती.

फाइलमधले आकडे या एप्रिलपासूनचे होते.

"छापू नका," अर्जुनराव म्हणाले. "रद्द करा. चूक झालीय माझी."

रसवंतीच्या बाकड्यावर बसून त्यांनी अपेक्षाला फोन लावला. ट्रक जात होते, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागलं आणि मोठ्याने बोलताना ते सगळं त्यांनाच हास्यास्पद वाटू लागलं.

"तारखेचा फॉरमॅट गंडला असेल, काका."

"असेल. पण कुलदीपचा जन्म चौदा नोव्हेंबरचा आहे."

"माझ्या मामाचाही आहे. कुलदीपची काही माहिती आहे का त्या फाइलमध्ये?"

"नाही."

"मग?"

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघा," अपेक्षा म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "सात थांबवायची असेल तर तुम्ही लेखी द्या. मी थांबवते, खरंच. फक्त कारण लिहा."

अर्जुनराव ऑफिसात परतले आणि कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. काय लिहायचं? आलेख मोठा निघतो म्हणून? आयुष्यभर त्यांनी मुलांना शिकवलं होतं, की पुरावा नसेल तर बोलू नये. शेवटी त्यांनी कागद बाजूला सारला आणि जे येत होतं ते केलं. चूक कुठल्या आकड्यात आहे ते शोधायला एकेक दिवस फाइलमधून वगळून पाहिला.

एक दिवस वगळला तेव्हा आलेख नेहमीच्या कागदावर विनातक्रार उतरला. कोरा चौकोन नाही, खाली महिन्यांची नावं.

तो दिवस खंडेनवमीचा होता.

त्यांना आठवलं. त्या दिवशी सगळी मशीनं बंद ठेवून धुतली होती. हळदकुंकू, झेंडू, नारळ. पाने आणि हातोड्यासुद्धा पुसून पाटावर मांडल्या होत्या. फक्त सात चालू होती, कारण तातडीचा माल संध्याकाळपर्यंत जायचा होता. तिची पूजा चालत्यातच उरकली. प्रत्येक ठोक्याला खांबावरचा हार हादरत होता आणि पाकळ्या आत पडून पत्र्याबरोबर दाबल्या जात होत्या. कुलदीप नाइलाजाने चालवत होता. "आई म्हणत हुती, आज हत्याराला हात लावू नगं," असं तो कुणाला तरी सांगत होता.

आकडा गैरसोयीचा आहे म्हणून वगळणं ही लबाडी, हेही अर्जुनरावांनी मुलांना शिकवलं होतं. पण हार हलत होता, तेव्हा मापात अडथळा येणारच. तसं कारण लिहिता येत होतं. त्यांनी तो दिवस वगळला, शेऱ्यात 'मापनात अडथळा' असं लिहिलं आणि सही केली. चूक आपलीच होती, सापडली, असं त्यांनी स्वतःला दोनतीनदा सांगितलं.

सोमवारी ते लवकर आले. कुलदीप सातच्या पायाशी वाकून कुंकवाचं बोट टेकवत होता.

"कुलदीप, आज रजा घेतोस का?"

"रजा? तीन आठवडं टेपा चिकटवल्या साहेब. आज तर ओव्हरटाइमबी करणार." मग त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "का वो?"

"काही नाही. जपून."

"तुमच्या आलेखात बसलं न्हवं समदं? मंग झालं की."

पाहुणे आले. आलेखापुढे उभे राहिले, माना डोलावल्या. सात सुरू झाली.

वरच्या ऑफिसात तिचा ठोका पायांना कळत होता. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरायचं, स्थिर व्हायचं, पुन्हा थरथरायचं. अर्जुनरावांचा सगळा जीव त्या पाण्यात गोळा झाला होता.

अकराच्या सुमारास फोन वाजला. शालनबाईंचा होता.

"साहेब, तुमचं काम झालं. आंबेठाणची पोरं मघाशीच घेऊन गेली."

"मी तर रद्द केलं होतं."

"व्हय, पर सकाळी फोटो आला न्हवं तुमच्या नंबरावरनं. मला वाटलं, ठरलं."

"कुणाचा फोटो?"

"नाव काय मला ठावं न्हाई. तरणाच हाय, हसतोय. मी म्हनलं कमीजास्त कापाया लागल. पर न्हाई. त्या जागेत बरोब्बर बसला."

अर्जुनरावांनी ग्लासाकडे पाहिलं.

पाणी स्थिर झालं होतं. पुन्हा थरथरेना. जेवणाची शिट्टी व्हायला अजून बराच वेळ होता.