गादमाशीचे चार फोटो

सावली पडली आणि माशी उडाली.

रुखमा धानाच्या बांधावर कोपरं टेकून तासभर त्या माशीवर टपून होती. मामानं दिलेल्या डबा-कॅमेऱ्यापुढं तिनं दोऱ्यानं एक भिंग बांधलं होतं. मान वर केली तर सायकल धरून एक उंच तरुण उभा.

"काय करून राह्यल्या, बाई?"

"माशीचा फोटो काढत होती. तुम्ही उडवली."

तो ओशाळला. सिंदेवाहीच्या धानाच्या फार्मवर किडी ओळखणारा तो वारलू. रुखमा गावच्या शाळेत शिकवायची. तिच्या बाबूजींच्या शेतातल्या बांधीत धानाचे पोंगे, ते मधले कोंब, पोकळ, चंदेरी होत होते. तिचा संशय या डासाएवढ्या माशीवर होता.

"फोटो धुऊन आला का घेऊन या," तो म्हणाला. "मी ओळखून देतो."

चांद्याहून पहिला फोटो धुऊन आला. "पंख धुकट हायेत, बाई. आणखी एक लागंल." दुसऱ्यात मिशा दिसत नव्हत्या. तिसऱ्यात सगळं दिसत होतं, तरी तो म्हणाला, "पाय... पाय नीट नाई आले." दर वेळी फोटोवर दोघांची डोकी जवळ यायची. मग तो सायकल हातात धरून तिला गावापर्यंत सोडायचा — त्याचं घर उलट्या दिशेला असूनही.

दिवाळीआधी ती चौथा फोटो घेऊन फार्मवर गेली, तेव्हा वारलू जागेवर नव्हता. फळीवर बारक्या कुप्या होत्या. प्रत्येकीत एक मेलेली माशी, वर गावाचं नाव. एकीवर तिच्याच गावाचं. तारीख, ते बांधावर भेटले त्या दिवसाची.

वारलू आला, तिच्या हातातली कुपी पाहून दारातच थांबला.

"हे तवाच धरली होती?"

"हो. गादमाशी. बाबूजीले त्याच दिवशी सांगून आलो, काय कराचं ते; माशीचं नाव तेवढं सांगतलं नाई."

"मंग मले काऊन फोटो काढाले लावले?"

"ओळखली म्हणलं असतं, तर तुम्ही... परत आल्या नसत्या." तो खाली पाहत राहिला. "माझी बदली झाली, बाई. सिरोंच्याले. सोमवारी निघाचं हाय."

रुखमाचा राग विरला. तिनं पिशवीतून फोटो काढून त्याच्यापुढं धरला. त्यात माशी नव्हती. वाटेत वाकून सायकलीत हवा भरणारा वारलू होता, कपाळाला केस चिकटलेला.

"तिसऱ्या फोटोत पाय नीट आले होते," ती म्हणाली. "मलेबी दिसत होते."

त्यानं फोटो घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"बाबूजी उद्या घरीच हायेत. त्यांच्याशी बोलाले या," रुखमा म्हणाली. "सिरोंच्याच्या शाळेत बाई पाहिजे का, ते मी विचारून ठेवते."