वरच्या कोर्टाचा दाखला

आपली केस आपण कधी चालवू नये, हे मावशी इतर वकिलांना दहादा बजावायची. आणि आज स्वतःच काळा कोट चढवून कोर्टात उभी होती. बहीण गेल्यापासून भाची तिच्याकडेच वाढलेली. इतकी वर्षं बेपत्ता असलेल्या बापाला आता अचानक लेकीचा उमाळा आला होता. पोर मागच्या बाकावर वेणीची रिबीन सोडत-बांधत बसली होती. ही गेली तर आपण जगायचं कशासाठी, हा एकच विचार मावशीचं काळीज कुरतडत होता.

जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ. वर पंखा कुरकुरत होता, टंकलेखक जांभई दाबत होता.

"कायदा बापाच्या बाजूनं आहे, बाई," न्यायाधीश साहेब म्हणाले. "बाप हयात असताना मूल मावशीकडे द्यावं, असं वरच्या कोर्टानं कधी म्हटलंय? म्हटलं असेल तर माझे हात बांधलेले. नसेल तर मी तरी काय करू?"

म्हटलं नव्हतं. मावशीनं सगळे जुने निकाल पालथे घातले होते. तिनं मागं वळून पाहिलं. पोर हसली, आणि तिथंच बाईचा पाय घसरला.

"म्हटलंय, साहेब. अगदी अशीच केस. आई वारलेली, बाप उशिरा परतलेला, मुलगी लहान. वरच्या कोर्टानं मावशीकडे दिली."

चक्क थाप! असली थाप पकडली गेली की वकिलीची सनदच जायची. त्यात समोरचे वकील म्हणजे बार रूममध्ये सगळे ज्यांना 'खोडरबर' म्हणत ते. कुणी कसलाही जुना निकाल दाखवा, 'त्या केसची हकीकत वेगळी होती' म्हणून हा गृहस्थ तो पुसून टाकणारच.

खोडरबर उठले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"तो निकाल मला माहीत आहे," ते हळूच म्हणाले. "पण बाई, तुम्ही तो काढायला नको होता."

"हकीकत वेगळी होती, असं म्हणायचंय का?" साहेबांनी विचारलं.

"म्हणालो असतो, साहेब. पण तीच आहे."

हा म्हातारा वकील चळला की काय! मावशीला क्षणभर हसूच येणार होतं. 'माहीत नाही' म्हणायची वकील मंडळींना कोण लाज वाटते! पण टंकलेखकाचे हात थांबले होते. साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं.

"मी तेव्हा नवा वकील होतो," साहेब म्हणाले. "त्या निकालाची बजावणी याच खोलीत झाली, तेव्हा इथंच बसलो होतो. त्या मुलीचं रडणं अजून..." ते थांबले. "नाही. ती रडली नव्हती."

त्यांनी मावशीकडे पाहिलं.

"बाई, दाखला मागे घ्यायचा तर घ्या. मी ऐकलाच नाही असं समजेन."

मागे घेतला की पोर जाणार. मावशीनं प्रत्येक वकील रोज म्हणतो तेच वाक्य म्हटलं.

"तो निकाल जसाच्या तसा लागू करावा, ही विनंती."

साहेबांनी मान खाली घालून हुकूम सांगितला. मुलगी मावशीकडे. त्या निकालातल्या सर्व अटींसह.

मावशीचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ते शब्द तिच्या कानांत शिरले.

"अटी? कसल्या अटी, साहेब?"

"दाखला तुम्हीच दिलात ना?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. होती ती कीव.

खोडरबरांनी कानात काहीतरी सांगताच बाप धावत पुढं आला. त्यानं हात जोडले होते, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"तुम्हीच ठेवा हो तिला! मी केस सोडतो. पण हे नको!"

खोडरबरांनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं. "आता अपिलात जाऊनही उपयोग नाही. वरच्या कोर्टाचाच निकाल आहे तो."

मावशी वळली. म्हातारा शिपाई मागच्या बाकापाशी उकिडवा बसून पोरीच्या सँडलचे पट्टे सोडवत होता. स्वतःच्या नातीचे सोडवावेत तसे, जपून.

"या इथंच ठेवायच्या असतात, बाई," तो वर न बघता म्हणाला.

त्यानं भिंतीतलं कपाट उघडलं. आत आणखी एक जोड होता. तेवढाच लहान, धुळीनं माखलेला.

पोर अनवाणी पायांनी मावशीजवळ आली. मावशीनं तिला घट्ट धरलं. मिठीत वजनच लागेना.

"फरशी गार लागतेय का गं?"

पोरीनं खाली पाहिलं.

"कुठली फरशी?"