काळवड थांब्याचे आठ

पुष्पाबाईने पिशवीतून बापाचे उपरणे काढले, तेव्हा सुकदेवला वाटले की ही आता डोळे पुसणार. तिने ते मांडीवर पसरले आणि सांगितले, की आबा जाऊन सात दिवस झाले. दहाव्याच्या आत हे कुणा गरजवंताला द्यायचे होते. पण तीनदा सोड्यात उकळूनही डाग जात नाहीत, उलट काळेच होत चालले आहेत. असे कापड कुणाला द्यायचे?

धुळ्याच्या चौथ्या गल्लीतल्या त्या माडीवर, १९८८ सालच्या मार्चमध्ये, खासगी तपासनीस भाईदास नेहेते यांनी चष्मा वर सारून उपरण्याकडे पाहिले आणि ते ठेवून जाण्यास सांगितले. त्यांचा सहायक सुकदेव याला मात्र कामाचे बोलणे हवे होते.

काम एका परिच्छेदाचे होते. धुळे–नांदवेल या शाखामार्गावर विजेच्या तारा टाकाव्यात की रूळच उखडावेत, हे ठरवायला नेमलेल्या समितीचा तो मसुदा होता. मार्ग 'विरळ वापराचा' असल्याचे समितीने मोजणीच्या आधीच ठरवले होते. मोजणी केवळ बारशाच्या सोपस्कारापुरती उरली होती. मसुदा म्हणत होता: 'काळवड थांब्यावरील निरक्षर कामगार तोताराम याने प्रवासी दोनशेवर असल्याचे पसरवले होते. मृत्युसमयी मात्र त्याने रोजची संख्या आठ असल्याचे कबूल केले.' गुरुवारी त्यावर सह्या व्हायच्या होत्या.

"मना बाप लबाड नही व्हता, भाऊ," पुष्पाबाई म्हणाली. "गाडी ऱ्हावो का जावो. ते वाक्य तठे नको."

सुकदेवने प्रमाण मराठीत आश्वासन दिले. पुष्पाबाईची बोली हीच त्याची घरची बोली; पुण्याच्या वसतिगृहात तिच्यावरून पोरे हसली, आणि त्याच वर्षी त्याने ती जिभेवरून पुसून टाकली होती. आई वारल्यापासून त्या बोलीत त्याला हाक मारणारेही कोणी उरले नव्हते.

*

समितीचे अभियंता उपासनी नाशिकचे. सरळ आणि थकलेले. त्यांनी काहीही लपवले नाही. तोतारामला तीन दिवस चढणारी माणसे मोजायला सांगितले होते. तिसऱ्या संध्याकाळी ते आणि नांदवेलचे स्टेशनमास्तर चुडामण आकडा घ्यायला गेले. 'एकूण किती?' असे विचारताच म्हातारा छाती दाबत निवाऱ्यातच खाली बसला.

"मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. खांद्यावरचं उपरणं मुठीत धरून तो दोनदा म्हणाला, आठ, आठ. शेवटचं अक्षर श्वासातच विरलं."

"तुम्हाला अर्थ लगेच कळला?" भाईदासांनी विचारले.

"मला त्यांची बोली येत नाही. चुडामण तिथलेच. ते म्हणाले, साहेब, रोजचे आठ म्हणतोय." उपासनींनी फाईल मिटली. "आठ माणसांसाठी खांब कसे उभारायचे? परवा मी पुन्हा मोजणी केली. सहाच निघाले."

*

दुपारच्या गाडीने दोघे काळवडला उतरले. चढायला कोणीच नव्हते. फलाटाच्या ओट्यापासून पन्नास पावलांवर, बाभळींच्या आड, वीस-पंचवीस माणसे बोचकी घेऊन उभी होती आणि गाडीकडे पाहत होती. गाडीने शिटी दिली, ती निघून गेली, आणि माणसे मुकाट सडकेकडे वळली, जिथे दोन जीपा उभ्या होत्या. जिवंत माणसांचा असा जमाव सुकदेवने पूर्वी फक्त स्मशानाच्या फाटकाशी पाहिला होता.

भागाबाई नावाची म्हातारी तेवढी मागे राहिली. तोताराम गेला तेव्हा ती ओट्यावरच गाडीची वाट पाहत होती.

"गाडीनी येळले तो बलाई ऱ्हायना," ती म्हणाली. "तेच बोल, जे मरतांना बोलना. कोण जाई तठे?"

सुकदेवने वहीत लिहिले: भूत आठ असा आकडा उच्चारते. भाईदासांनी वही वाचली आणि सौम्यपणे म्हटले, "ती म्हणाली, बोलावतो. आकड्याने कुणी कुणाला बोलावतं का?"

मग ते ओट्यावर गेले. पाण्याच्या नळाशी केळीचे एक खोड होते. त्याच्या बुंध्यावर चाकूच्या ताज्या खाचा होत्या. तोताराम तरुणपणी रावेरला केळीचे घड मोजायला होता, अशी माहिती भागाबाईने पुरवली. निवाऱ्याच्या आतल्या फरशा मात्र उखडलेल्या होत्या आणि खालची माती हातभर उकरलेली.

"मास्तरनी खंदी," भागाबाई म्हणाली. "दुसराच दिन."

नांदवेलला चुडामणने त्यांना चहा पाजला. फरशांखाली घुशी झाल्या होत्या, म्हणून खोदल्या, असे तो म्हणाला. जीपा मेहुण्याच्या आहेत हे त्याने स्वतःहून सांगितले. लपवण्यासारखे त्यात काय? तोतारामबद्दल त्याला मनापासून वाईट वाटत होते.

"अडाणी माणूस," तो म्हणाला. "पण जाताना खरं बोलला."

*

गुरुवारी समितीच्या टेबलावर, मसुद्याच्या शेजारी, भाईदासांनी उपरण्याची घडी ठेवली. पुष्पाबाई दाराशी उभी होती.

"तोताराम खरं बोलला, हे चुडामण यांचं म्हणणं मला मान्य आहे," त्यांनी सुरुवात केली. "प्रश्न एवढाच, की काय बोलला. उपासनीसाहेबांनी आठ ऐकलं, कारण त्यांनी आकडा विचारला होता आणि शेवटचा स्वर श्वासात विरला होता. भागाबाईने तोच शब्द पुरा ऐकला. तो तिला हाक वाटला. आमच्या सुकदेवच्या आईने तो त्याला हजारदा ऐकवला असेल. सुकदेव, आठे म्हणजे काय?"

सुकदेवला अंगणातली दुपार दिसली, ताटावर झुकलेली आई, आणि तिचा आवाज: *आठे ये*.

"इथे," तो म्हणाला.

"इथे. चुडामण काळवडचेच. त्यांना हे बरोबर समजलं."

"मी आठच ऐकलं," चुडामण म्हणाला.

"मग दुसऱ्या दिवशी फरशा का उखडल्या? आठ हा आकडा जमिनीखाली शोधावा लागत नाही. 'इथे' हे मात्र शोधावं लागतं. म्हाताऱ्याने मोजणी इथे कुठेतरी ठेवली आहे, असं समजून तुम्ही तो पडला तिथे खोदलंत. साहेबांना एक अर्थ सांगितलात आणि स्वतः दुसऱ्या अर्थावर चाललात. मग लोक भिऊन ओटा सोडून गेले, जीपा भरल्या, आणि तुमचा आकडा आपोआप खरा होत गेला."

चुडामणची नजर उपरण्याच्या घडीवर गेली.

"पण इथे म्हणजे जमिनीत नव्हे. मुठीत." भाईदासांनी उपरणे उलगडले. "रावेरकडे घड मोजणारे केळीच्या चिकात काडी बुडवून कापडावर रेघ ओढतात, पाच घडांना एक. ताजा चीक पाण्यासारखा असतो, मळकट कापडावर दिसतसुद्धा नाही. पुढे तो काळा पडतो, सोड्यात आणखी काळा, आणि जन्मात निघत नाही. ही बाई डाग धूत राहिली आणि बापाची मोजणी उमटत राहिली."

तीन ओळी होत्या, तीन दिवसांच्या. उपासनींनी बोट ठेवून रेघा मोजल्या: एक्केचाळीस, चव्वेचाळीस, अडतीस. प्रत्येक रेघेला पाच माणसे. रोजची सरासरी दोनशे पाच.  मरणाऱ्याने हेच कापड त्यांच्याच मांडीवर, त्यांच्याच डोळ्यांसमोर धरले होते.

त्यांनी स्वतःच्या पेनने ते वाक्य खोडले. चुडामणची चौकशी करावी असे लिहिले. विद्युतीकरणाचा प्रश्न समितीने 'अधिक अभ्यासार्थ' पुढे ढकलला. आठ माणसांवर तिला जो निर्णय एका दुपारी घेता आला असता, त्याला दोनशे पाच माणसांसाठी अभ्यास लागणार होता.

पुष्पाबाईपुढे जबाबाचा कागद आला. ती चौथीपर्यंत शिकलेली. पेन हातात धरून तिने सुकदेवकडे पाहिले.

"सही कोठे करू, भाऊ?"

सुकदेवने कागदावर बोट टेकवले. वीस वर्षांत तो शब्द त्याने उच्चारला नव्हता.

"आठे."