सावलीचं ताट

बाबांना हिवाळ्यात डोंगरातल्या गरम झऱ्यावर न्यायचं, हे चिगुसानं ठरवलं तेव्हा घरात तिच्या बाजूनं कुणीच नव्हतं. डॉक्टरांनी नुसती नकारार्थी मान हलवली. थोरल्या भावानं फोनवर सुनावलं, की हृदय कमजोर असलेल्या माणसाला बर्फातून नेऊन गरम पाण्यात बसवायचं ही कुठली सेवा. काही झालं तर जबाबदार तू. चिगुसानं ऐकून घेतलं. आई गेल्यापासून बाबा चहापुरतं, औषधापुरतं बोलत. पण वर्षभरात ते एकदाही हसले नव्हते. माणूस जपायचा म्हणजे लोणच्यासारखा बरणीत भरून ठेवायचा का, असं तिनं भावाला विचारलं आणि फोन ठेवला. लग्नानंतर आईबाबा पहिल्यांदा ज्या गावी गेले होते, तिथल्याच सराईतली खोली तिनं महिनाभर आधी सांगून ठेवली.

बेत तिनं कसून आखला. बाहेर गारठा आणि आत गरम पाणी, या फरकानंच म्हातारी माणसं कोसळतात. म्हणून कपडे बदलायच्या खोलीत रॉकेलची शेगडी आधीपासून पेटलेली हवी. पाणी नेहमीपेक्षा कोमट हवं. आंघोळ जेवणाआधी. हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं म्हणून बाबा आगगाडीनं आणि पुढे बसनं पोचायच्या आदल्या दिवशीच ती गावात येऊन दाखल झाली.

आणि गावाच्या प्रेमातच पडली. छपरांवर कमरेएवढा बर्फ, पण झऱ्याचं पाणी गल्लीतून पाटानं खेळवलेलं, त्यामुळं वाट मोकळी आणि वाफाळती. गंधकाचा वास केसांत बसलेला. पाटात जाळीत अंडी सोडलेली, ज्याला लागतील त्यानं न्यावीत. शेजारी कुणी एकटं राहत असेल तर त्याच्या छपरावरचा बर्फ आधी उतरवायचा आणि मग आपल्या छपरावरचा, हे इथं कुणी कुणाला सांगत नव्हतं. आपण शहरात यावर परिसंवाद भरवतो, चिगुसाच्या मनात आलं, आणि शेजाऱ्याचं नाव विचारत नाही.

सराईची मालकीण किनुए साठीची, काटक, जिभेला धार असलेली. शेगडी कुठं ठेवायची यावर चिगुसानं तिसऱ्यांदा घोळ घातला, तेव्हा ती म्हणाली, "एवढी तयारी लोक लग्नाची करत नाहीत. तुमचं झालंय का तरी?"

"बाबा हसले की करीन."

"मग घाई करायला हवी," किनुए म्हणाली आणि सरपण आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपार टळतानाच अंधारून आलं. बस यायला अवकाश होता. चिगुसा स्वयंपाकघरात चुलीशी हात शेकत बसली होती. किनुएनं पातेल्यातलं कढत सार लाखेच्या दोन वाट्यांत ओतलं, वर झाकणं ठेवली आणि दोन छोटी ताटं खिडकीखालच्या फळीवर मांडली. भात, सार, डोंगरातल्या भाजीचं लोणचं.

ही कुणासाठी, असं चिगुसानं विचारलं. सावलीची ताटं, किनुए म्हणाली. घरातला माणूस परगावी गेला की त्याच्या नावानं घरी ताट मांडतात, हे चिगुसाला ठाऊक होतं. पण इथली रीत त्याच्याही पुढची होती. हिवाळ्यात कुणी पाहुणा येणार म्हणून कळलं, की त्या दिवसापासून तो उंबऱ्यात पाऊल टाकेपर्यंत सराई रोज त्याचं ताट मांडी. बर्फातून आपल्या भरवशावर येतोय, म्हणजे तो आपलाच. गेला महिनाभर रोज संध्याकाळी बाबांसाठी इथं कुणीतरी भात वाढत होतं! चिगुसाला भरून आलं.

झाकणावरून कळतं, असंही किनुए म्हणाली. थोड्या वेळानं झाकण उचलायचं. आतून थेंब धरले असतील तर माणूस वाटेवर आहे, सुखरूप आहे. कोरडं निघालं तर एक तर तो पोचला, नाहीतर... तिच्या नवऱ्याच्या वाटीचं झाकण एका संध्याकाळी असंच निघालं होतं. खाली सार कढत आणि झाकण ठणठणीत कोरडं. वसंतात बर्फ वितळल्यावर तो सापडला.

चिगुसाला वाईट वाटलं, पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. गरम सारावर झाकण ठेवलं की पाणी धरणारच, ती म्हणाली. त्याचा माणसाशी काय संबंध?

किनुएनं वाद घातला नाही. तिनं पहिलं झाकण उचलून उलटं धरलं. टपोरे थेंब. "तुमचे बाबा. ठीक आहेत."

"आणि हे दुसरं?"

"तुमचंच की," किनुए म्हणाली आणि तिनं कपाळाला हात लावला. "तुम्ही काल आलात आणि ताट उचलायचं राहूनच गेलं. महिनाभराची हाताची सवय. असं करू नये." ती ताट उचलायला वाकली.

"थांबा ना," चिगुसा हसत म्हणाली. "मी तर इथं बसलेय. म्हणजे हे कोरडं निघायला हवं." आणि तिनं झाकण उचललं.

थेंब ओघळून तिच्या मनगटावर आले.

"बघा, नुसती वाफ," ती म्हणाली.

किनुएचा हात ताटावरच थांबला. ती त्या झाकणाकडे बघत राहिली, मग चिगुसाकडे. चिगुसा वाद जिंकली होती, पण समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. चुलीतलं लाकूड तडकलं. बाहेर बर्फ पडत होता. त्याला आवाज नसतो. म्हणून आत सगळं जास्तच ऐकू येतं.

"मालकीणबाई, काय झालं?"

"कुणीतरी... अजून वाटेवर आहे," किनुए हळूच म्हणाली. "तुझ्या नावाचं."

तेवढ्यात दाराशी बूट आपटल्याचा आवाज आला. चिगुसा धावली. उंबऱ्यात बाबा उभे होते, टोपीवर बर्फ, गाल लाल. कितीतरी दिवसांत तिनं त्यांना इतकं ताजंतवानं पाहिलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते गोंधळले.

"तू कशी पुढे आलीस? मघाशी तर मागे राहिलीस."

"मी? कुठं, बाबा?"

"अगं, शेवटच्या वळणावर उतरलीस ना. तुम्ही व्हा पुढे, मी आलेच म्हणालीस." ते बूट काढत बोलतच राहिले. आज त्यांना बोलावंसं वाटत होतं. स्टेशनावर ती न्यायला आली हे किती बरं केलं. बसमध्ये त्यांचे हात आपल्या हातांत धरून बसली, किती ऊबदार हात. "आणि वाटभर एकच विचारत होतीस. लहानपणी आई मला काय हाक मारायची? म्हटलं, विसरलीस का काय?"

चिगुसा एक पाऊल पुढे आली. "मग...?"

"मग काय. सांगितलं. सुझू."

त्यांच्यामागे दार उघडंच होतं. चिगुसा ते लावायला गेली, तर किनुएनं तिचा हात धरला. तिचे डोळे पाण्यानं भरले होते. भीतीनं की कशानं, कळेना.

"महिनाभर जेवू घातलंय तिला, पोरी. तुझ्या बाबांना सांभाळून आणलंय तिनं. आता बर्फात ठेवायची?"

दार उघडंच राहिलं.

बाबा आंघोळीला गेले. चिगुसानं सांगितलं, की ती काचेच्या दाराबाहेर बसेल. त्यांनी मधूनमधून हाक मारायची, ती ओ देईल. शेगडी पेटलेली होती, पाणी कोमट होतं, सगळं ठरवल्याप्रमाणं. तिची पाठ मात्र भिंतीला घट्ट टेकलेली होती. काचेवर वाफ दाटली. आत पाणी डुचमळलं, मग शांत झालं.

"सुझू?" आतून बाबांची हाक आली.

चिगुसानं ओ द्यायला तोंड उघडलं.

"हो बाबा, इथंच आहे," आतूनच उत्तर आलं, पाण्याच्या अगदी जवळून. आवाज तिचाच होता.

आणि बाबा हसले. मोकळं, पोटातून, पूर्वी आईपाशी हसायचे तसं. ज्या हसण्यासाठी तिनं सगळ्यांशी भांडण घेतलं होतं, ते काचेपलीकडे कितीतरी वेळ चालू होतं. आणि आत बाबांशेजारी ती दुसरी सावकाश पाण्यात उतरत होती.