उंबऱ्याजवळचं धाकटं

जुवाना गावाला आम्ही गेलो ते एका दाराच्या कामासाठी. दुसरं काही कारण नव्हतं.

आमचे हे, जुमादी, जावातल्या जेपारात सागवानी दारं करतात आणि मी ती घासते. पॉलिश पेपरने घासून घासून माझ्या बोटांवरच्या रेषा कधीच गेल्या. तेव्हा आमच्याकडे सेमारांगच्या टेकडीवरचं एक मोठं काम होतं. युनिताबाई म्हणून एक श्रीमंत बाई समुद्राकडे तोंड करून घर बांधत होत्या. त्यांची बसायची खोली गोल होती. खोली गोल, म्हणून दारं वाकदार हवीत, आणि दारातल्या काचाही वाकदार.

"बाईला कोपरे नकोत," हे म्हणाले. "कोपऱ्यात धूळ बसते म्हणे."

"मग आपल्या घरात नुसते कोपरेच कसे?"

"म्हणून तर आपण दुसऱ्यांची दारं करतो."

लाकूड यांना वाकवता येतं. पातळ पट्ट्या एकीवर एक चिकटवायच्या, शिकंज्यात आवळून ठेवायच्या, की लाकूड ऐकतं. काच ऐकेना. सुराबायाच्या कारखान्याला आम्ही चौकटीचा फर्मा पाठवला. त्यांनी भट्टीत तापवून काच वाकवून दिली, पण एक कडा बसली की दुसरी उचलायची. पुन्हा करून आणली ती टेम्पोतच तडकली. तेव्हा कुणीतरी सांगितलं, जुवानाला मिठागरांच्या कडेला एक जुना बंगला पाडतायत, त्याच्या पुढच्या खोलीला वाकदार दारं आहेत, काचा शाबूत.

मी सोबत गेले, कारण वेनिंग अंगावर पीत होती. माझी पहिलीच पोर. तिचं वजन वाढत नव्हतं. आरोग्य केंद्रात तिला झोळीत घालून काट्याला टांगायचे आणि नर्सबाई काट्याकडे बघून ओठ मुडपायच्या. "दूध पुरतंय ना?" मी पुरतंय म्हणायचे. आणि घरी आल्यावर झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून बसायचे, श्वास लागतोय का बघत.

बंगला दुपारच्या उन्हातही ओला वाटत होता. आत खारट, कुबट वास. छपराची कौलं आधीच उतरवली होती, पण पुढची गोल खोली तशीच होती, आणि तिच्या तोंडाशी ती दारं. उंच, काळपट, पोटाशी वाकलेली. काचा इतक्या स्वच्छ की बाहेरची मिठाची शेतं त्यांच्यात वाकून आत आल्यासारखी दिसत होती. बंगल्यात एक म्हातारी राहत होती, दार्सी आजी. लहानपणापासून तिथेच कामाला. तीच काचा पुसायची.

यांनी खांद्यावरचा फर्मा काढून चौकटीला लावला. मध्ये कागद सरकायला जागा नव्हती.

"बघ," हे हळूच म्हणाले. "जसं काही आपल्याच मापावर केलंय."

आनंदाने म्हणाले. मला मात्र ते आवडलं नाही. का, ते तेव्हा कळलं नाही.

हे बिजागऱ्या सोडवायला लागले आणि मी दाराच्या वाकात, भिंतीला टेकून, वेनिंगला पाजायला बसले. बंद वाकदार काचेपुढे बसलं की आवाज परत येतो. माझा श्वास मलाच मागून ऐकू येत होता. वेनिंगचं चुटूचुटू पिणं उजवीकडून, आणि तेच डावीकडून. गंमत वाटली. मग वेनिंग थांबली. तोंड सोडून माझ्याकडे बघायला लागली.

डावीकडचं पिणं चालूच होतं.

मी पदर ओढला. हलले नाही. ते थोडा वेळ चाललं... मग एक उसासा, पोट न भरल्यासारखा. आणि थांबलं.

"ऐकलंस ना?" दार्सी आजी समोर उभी होती. तिने बोट दाखवलं तिथे, उंबऱ्याच्या शेजारी जमिनीवर, भोकं पाडलेलं मातीचं मडकं पालथं होतं. आत पणती.

मला विचारावं लागलं नाही. आमच्यात बाळाची वार अशीच दाराशी पुरतात, वर मडकं आणि दिवा ठेवतात. गर्भातलं पाणी बाळाचं थोरलं भावंड, वार धाकटं. बाळासारखंच, फक्त त्याला नाव नसतं. आमच्या दाराशी वेनिंगचंही आहे. पुरलं तरी हाक मारली की ते बाळाबरोबर येतं.

"पण दिवा तर महिनाभरच लावतात, आजी. हा कुणाचा?"

"मालकिणीच्या लेकाचा. मालकीण बाळंतपणात गेली. बापाने पोराला गाडीत घातलं आणि नेलं परदेशात. जाताना पोराला हाक मारली. याला कुणी 'चल' म्हटलं नाही." ती मडक्यापाशी खाली बसली. "मी तेव्हा परकर नेसत होते. तेव्हापासून लावतेय दिवा. पण माझं काय ऐकतंय ते? मी कधी कुणाला पाजलं नाही. तू लेकुरवाळी आहेस, पोरी. तू सांग त्याला. दार चाललंय, तू इथेच राहा, म्हणावं. एवढंच."

"सांगते," मी म्हटलं.

तेवढ्यात झडप निसटली आणि यांनी ती पायावर झेलली.

"हळू रे," आजी ओरडली. "दार आहे ते, बोकड नाही."

"बोकड परवडला, आजी. तो स्वतःच्या पायाने टेम्पोत चढतो."

ती हसली. मीही हसले. तिथेच सगळं विसरलं. काचांना गोधड्या गुंडाळायच्या, दोर धरायचे, झडप तिरकी होऊ द्यायची नाही. वेनिंग भुकेने रडत होती. दिवस कलला. मगरिबच्या बांगेआधी पोरीला उघड्यावरून हलवायला हवं म्हणून माझा जीव वरखाली. यांनी टेम्पो सुरू केला. मी वेनिंगला झोळीत बांधून निघाले आणि त्या रिकाम्या चौकटीत, उंबऱ्यावर, थांबले. कुठल्याही परक्या जागेतून तान्हं घेऊन निघताना आमची प्रत्येक आई थांबते तशीच. बाळाचा जीव मागे रेंगाळू नये, त्याची भावंडं मागे राहू नयेत, म्हणून आत तोंड करून बोलवायचं. ते तोंडात बसलेलं असतं. मी म्हटलं,

"चला रे बाळांनो, सगळी चला. घरी जाऊ या."

आजीचा हात मडक्यावर तसाच राहिला.

"हे गं काय बोललीस..." ती म्हणाली.

पणती विझली नव्हती. वाराही नव्हता. पण मडक्याच्या भोकांतून येणारा उजेड आता फक्त उजेड होता. रिकाम्या खोलीत दिवा लावावा तसा. आजी रडायला लागली. मला वाटलं, घर सुटतंय म्हणून.

दारं आमच्या कारखान्यात उभी राहिली. मी दिवसा ती घासायचे आणि त्यांच्याजवळच वेनिंगला पाजायचे. उजवीकडे चुटूचुटू. डावीकडे चुटूचुटू. मी स्वतःला सांगत राहिले, काच आहे, वाक आहे, आवाज परत येतो. पण छाती रिकामी व्हायची आणि पोर उपाशी राहायची. मी कातुकचा पाला रोज उकडून खाल्ला, दूध वाढायचा काढा प्यायले. दूध येत होतं. भरून येत होतं. वेनिंगच्या तोंडात जात नव्हतं, एवढंच.

नर्सबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी असंच असेल तर इस्पितळात ठेवावं लागेल." वेनिंगच्या पायाची कातडी दोन बोटांत धरली तर तशीच उभी राहायची.

मी यांना सगळं सांगितलं. यांनी पॉलिशच्या डब्याचं झाकण ठोकून बसवलं.

"दारातच असेल ते," हे म्हणाले. "दारं बसवली की जाईल."

दारं बसली. युनिताबाईंनी काचेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अशी काच आता कुणी करत नाही." हे फार खुशीत घरी आले. कारखान्यात जिथे दारं उभी होती तिथे आता नुसती भिंत होती, सरळ, चुन्याची. मी तिला टेकून बसले आणि वेनिंगला जवळ घेतलं.

डावीकडे... चुटूचुटू.

तेव्हा कळलं. ते दाराबरोबर आलं नव्हतं. मी बोलावलं म्हणून आलं होतं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला चल म्हटलं होतं, आणि ते बिचारं आलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवरून जुवानाला गेलो. बंगला नव्हता. दार्सी आजी भाचीकडे गेल्याचं मिठागरातल्या माणसाने सांगितलं, कुठली भाची ते त्याला माहीत नव्हतं. चिखलात फक्त गोल खोलीची फरशी उरली होती, अर्ध्या चंद्रासारखी. हे रस्त्यावर थांबले. मी त्या फरशीच्या तोंडाशी, जिथे उंबरा असावा तिथे, बसले आणि वेनिंगला पाजायला घेतलं. दोन्हीकडून आवाज यायला लागला. मी पिऊ दिलं. पोट भरून पिऊ दिलं, म्हणजे मला तेवढं तरी करावंसं वाटलं. मग म्हटलं,

"दार गेलं, बाळा. तू राहा. हे तुझं घर."

कुठलं घर. वर आभाळ होतं.

डावीकडचं पिणं थांबलं. रडणं नाही, उसासा नाही. कुणी समजूतदार मूल हात सोडतं तसं. आणि वेनिंगच्या घशातून पहिल्यांदा घटाघटा आवाज आला. दूध तिच्या हनुवटीवरून ओघळलं.

मी उठले. आणि तिथेच पाय अडले.

आता निघताना हाक मारायला हवी होती. माझ्या पोरीच्या जीवाला, तिच्या भावंडांना. पण हाक मारली तर इथलं तेही ऐकणार. मी "चल" म्हटलं की ते पुन्हा उठून येणार. आणि नुसतं वेनिंगचं नाव घ्यावं, तर तिच्या धाकट्याला नाव कुठे आहे?

मी उभी राहिले. मशिदीतून बांग सुरू झाली. ओठ घट्ट मिटले, वेनिंगचं डोकं छातीशी दाबलं आणि मागे न बघता रस्त्यावर आले.

"बोलावलंस ना सगळ्यांना?" यांनी विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

पोर वाचली. त्या महिन्यात वजन वाढलं, मग वाढतच गेलं. गाल आले. नर्सबाईंनी तिला काट्यावरून उतरवताना मुका घेतला. सगळे म्हणतात, आता काळजी सोड. सोडायला हवी, मलाही कळतं. पण त्या बापाने जे केलं तेच मीही केलं, हे कुणाला सांगू? उघड्या चिखलात, बिनदाराच्या जागेत, त्या संध्याकाळी कोण माझ्या तोंडाकडे बघत राहिलं असेल, हाकेची वाट बघत...

वेनिंग आता रांगते. दिवसभर अंगणात असते. दिवेलागणीला आत येताना मात्र उंबऱ्यावर थांबते आणि माझ्याकडे बघते. "वेनिंग," मी म्हणते. "वेनिंग, ये बाळा." ती ढिम्म हलत नाही. आपलं नाव तिचं नसल्यासारखी. कान दुखतायत का म्हणून डॉक्टरांनाही दाखवलं, कान छान आहेत.

नाव न घेता नुसतं "चल" म्हटलं, की हसते आणि येते.

आणि मी म्हणते. अंधार पडत असतो, पोर बाहेर असते. आई काय करणार.